जोत्याखाली जाणारे पैसे

कोकणात घर बांधायचं मनात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्क्वेअर फुटाला काय रेट चालू आहे? गवंडी असो, ठेकेदार असो की नुकताच घर बांधून मोकळा झालेला शेजारी, आकडा लगेच मिळतो. समजा तो १,८०० आहे. सहाशे फुटांचं घर, गुणिले अठराशे, म्हणजे १० लाख ८० हजार. एवढा गुणाकार झाला की माणूस पुढची सगळी गणितं, मुदत ठेव मोडायची की पीएफ काढायचा इथपर्यंत, त्या आकड्यावर उभी करतो.

हा रेट खोटा नसतो. पण तो शहराच्या प्लॉटवरून आलेला असतो. तिथं दारात डांबरी रस्ता असतो, कोपऱ्यावर विजेचा खांब, नळ, गटार असतं आणि जमीन कुणीतरी आधीच सपाट केलेली असते. तिथं घराचा खर्च म्हणजे खरोखर घराचाच खर्च. गावातल्या जमिनीवर यातलं काही नसतं. जे नाही ते तुम्ही करायचं असतं, आणि ते रेटमध्ये धरलेलं नसतं. माझ्या मते गावात छोटं घर बांधणाऱ्यानं घराचा अंदाज शेवटी काढावा. आधी जमिनीचा काढावा.

बोलायला एक नमुना हाताशी असू दे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची आठ गुंठे उताराची जमीन, त्यावर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, बैठं घर, बाहेरून बाहेर २५ फूट बाय २४ फूट. एक बाहेरची खोली, एक निजायची, स्वयंपाकघर, न्हाणी-संडास. खाली जे दर येतील ते हिशेबापुरते धरलेले आहेत, ते तालुक्यागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. मापं मात्र बदलत नाहीत, म्हणून मापांकडे जास्त लक्ष द्यावं.

पहिला फटका मोजमापातच बसतो. २५ बाय २४ म्हणजे ६०० फूट, हे मालकाचं गणित. ठेकेदार छपराच्या कडेपासून मोजत असेल तर? कोकणातल्या पावसात पागोळी भिंतीपासून निदान अडीच फूट लांब पडायला हवी, म्हणजे छप्पर ३० बाय २९ होतं. ते ८७० फूट. फरक २७० फुटांचा, आणि अठराशेच्या रेटनं ४ लाख ८६ हजारांचा. कुणी बाहेर आलेला भाग निम्मा धरतो, कुणी पडवी निम्मी धरून छज्जा पूर्ण सोडतो. यातली कुठलीच पद्धत फसवणुकीची नाही, पण कुठली वापरायची हे पाया खणायच्या आधी कागदावर यायला हवं. भांडणं होतात ती बहुतेक इथेच, आणि तीही भिंती उभ्या राहिल्यावर, म्हणजे मालकाच्या हातात काही उरलेलं नसताना.

दुसरं असं, की लहान घर फुटामागे महागच पडतं. आपल्या घराला बाहेरची भिंत लागते ९८ फूट. ४० बाय ३० चं घर क्षेत्रफळानं बरोबर दुप्पट, पण त्याची बाहेरची भिंत १४० फूटच. म्हणजे जागा दुप्पट, भिंत दीडपटही नाही. स्वयंपाकाचा ओटा, संडास, पाण्याची टाकी, सेप्टिक टाकी, बोअर, मीटर हे दोन्ही घरांना सारखंच. म्हणून बाराशे फुटांच्या घराचा रेट सहाशे फुटांच्या घराला लावून कुणी अंदाज दिला, तर तो कमीच निघणार. आणि काटकसर म्हणून घर सहाशेवरून पाचशेवर आणलं, तर शंभर गुणिले अठराशे एवढी बचत कधीच होत नाही.

कागदपत्रांवर फार रेंगाळत नाही, पण कोकणात तो खर्च बाजूला ठेवताच येत नाही. सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांपासूनची वीस-वीस नावं असतात, त्यातले निम्मे मुंबईत, काही वारलेले आणि वारसनोंद न झालेले. सामाईक जमिनीवर एकानं घर उभं केलं आणि नंतर एका सहहिस्सेदारानं हरकत घेतली, तर बांधकाम लिंटलवर, म्हणजे दारं-खिडक्यांच्या डोक्याशी, थांबतं, आणि थांबलेलं बांधकाम हेच सगळ्यात महागडं बांधकाम. आधी वाटप, मग मोजणी, मग हद्दीचे दगड, मग आराखडा हा क्रम मोडू नये. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन असेल तर ती बिनशेती, म्हणजे कागदोपत्री घर बांधण्याजोगी, करण्याची वाट त्यातल्या त्यात सोपी. त्यापलीकडच्या जमिनीची वाट लांबची. शेतजमीन नव्यानं विकत घ्यायची असेल तर घेणारा शेतकरी असावा लागतो, आणि इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचं नाव किंवा धारणेत वर्ग २ (सरकारी अटींखालची जमीन) दिसलं, तर वकिलाची फी वाचवू नये. बँकेचं कर्ज काढायचं असलं तर बँक बिनशेतीचा कागद मागते. तो नसेल तर घर स्वतःच्या पैशांत किंवा सोनं ठेवूनच होतं, आणि त्या व्याजाची बेरीज अंदाजपत्रकात कुणी लिहीत नाही.

आता रस्ता. मुख्य वाटेपासून जागा २०० मीटर आत आहे, मध्ये पाणंद आहे, बैलगाडीपुरती. दुसऱ्याच्या बांधावरून शेतात जायला वाट मिळवण्यासाठी जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे जाता येतं, पण ती शेतीच्या वहिवाटीची वाट. चिऱ्यांनी भरलेला डंपर तिच्यातून जाईल याची हमी नाही. शेजाऱ्याशी बोलून दहा फूट रुंदी मिळाली असं धरू. २०० मीटर म्हणजे ६५६ फूट, रुंदी दहा, मुरमाचा थर सहा इंच: ३,२८० घनफूट, म्हणजे जवळपास ३३ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). दाबल्यावर थर बसतो, तेव्हा आणायचा मुरूम ४० ब्रास. ब्रासला दोन हजार धरले तर ८० हजार, वर जेसीबी आणि रोलर. आणि मुरूम पावतीचाच घ्यावा. गौण खनिजाची पावती नसेल तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि दंडाची नोटीस काढायला ताजा लाल रस्ता लांबूनही दिसतो.

रस्ता न करण्याचाही खर्च असतो, तो फक्त वेगळ्या नावानं येतो. चौदा बाय नऊ बाय सात इंची एक चिरा ३० ते ३५ किलो भरतो. घराला अडीच हजार चिरे लागले, तर ते ऐंशी टन वजन झालं. डंपर जिथं थांबेल तिथून पुढे हे ऐंशी टन माणसांच्या डोक्यावरून किंवा ट्रॅक्टरच्या अर्ध्या ट्रॉलीतून जाणार. त्यात खडी, वाळू आणि सिमेंट अजून धरलेलं नाही. चिरा दोनदा उतरवला की कडा फुटतात, मोड वाढते, आणि फुटलेल्या चिऱ्याचेही पैसे खाणवाल्याला दिलेलेच असतात. म्हणून चिरे मागवायच्या आधी रस्ता, मग तो कच्चा का असेना.

उताराचं गणित माणसं हमखास चुकतात, कारण रानात उभं राहून उतार डोळ्यांना कमी वाटतो. आठ फुटांना एक फूट हा कोकणात अगदी किरकोळ उतार. पण २४ फूट खोलीच्या घराला तो तीन फुटांचा फरक देतो. मागच्या बाजूला जोतं (जमिनीपासून फरशीपर्यंतचा चौथरा) दीड फूट ठेवलं तर पुढच्या बाजूला ते साडेचार फूट होतं. सपाट जागेवर जोत्यात भराव लागला असता आठ ब्रास, दाबून दहा. इथं सरासरी उंची तीन फूट झाली, म्हणून सोळा, दाबून वीस. शिवाय पुढच्या आणि बाजूंच्या जोत्याला दीडशे चौरस फूट जास्तीचं जाड बांधकाम, म्हणजे आणखी तीनशे चिरे. हे सगळं टाळायला काही जण उलट करतात: मागचा डोंगर तीन फूट कापतात आणि जागा सपाट करतात. जेसीबीचे तास कमी लागतात, खरं. पण कापलेल्या दरडीचं पाणी पहिल्याच आषाढात मागच्या भिंतीवर येतं. मग तिथं धरभिंत, भिंतीत पाणी जायला भोकं, मागून दगडाची भर आणि गटार. कापणं आणि भरणं निम्मं-निम्मं केलं तर त्यातल्या त्यात स्वस्त पडतं. कापलेली माती त्याच भरावात जाते, फक्त तिच्यातली मुळं आणि पालापाचोळा वेचून काढावा लागतो.

आणि भराव नुसता ओतायचा नसतो. नऊ इंचांचा थर, पाणी, धुमस (ठोकून दाबणं), मग पुढचा थर. साडेचार फुटांचा भराव एका दिवसात ट्रॉलीनं ओतून वरून एकदा पाणी सोडलं, तर फरशी पहिल्या नाही तर दुसऱ्या पावसाळ्यात खचते. ती खचते मधोमध, भिंतींजवळ नाही, त्यामुळे दोष फरशीवाल्यावर जातो. फरशी काढून पुन्हा घालण्याचा खर्च मूळ धुमसाच्या मजुरीच्या कितीतरी पट. याच टप्प्यावर, फरशीच्या आधी, भरावात आणि पायाच्या कडेनं वाळवीचं औषध मारून घ्यायचं. कोकणात वाळवी येणार की नाही हा प्रश्न नसतो, ती कधी येणार एवढाच असतो. नंतर हेच काम फरशीला भोकं पाडून करावं लागतं.

जागा कातळावर असेल तर पायाचं काम वेगळंच. अडीच फूट रुंद, तीन फूट खोल चर, बाहेरच्या-आतल्या मिळून १४५ फूट भिंतींखाली, म्हणजे अकरा ब्रास खोदाई, ती तिथं जवळजवळ नाहीशी होते. कातळ साफ करून, थोडी खाच मारून भिंत थेट वर घेता येते. पण कातळावर झाड लागत नाही आणि सेप्टिक टाकीचा खड्डा ब्रेकर लावून तासाच्या भाड्यानं फोडावा लागतो. पायात वाचलेले पैसे संडासात जातात म्हणा. देशावर काळ्या मातीत याच्या उलट दुखणं. ती माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि पाया मुरमापर्यंत नेला नाही तर खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा निघतात. तिथं पाच-सहा फूट खाली जाणं ही चैन नाही.

चिऱ्याचा हिशेब सोपा आहे आणि तो मालकाला यायलाच हवा. अर्ध्या इंचाच्या सांध्यासकट एक चिरा भिंतीचा साधारण पाऊण फूट झाकतो, म्हणून नऊ इंची भिंतीच्या शंभर चौरस फुटांना १३२ चिरे. आपल्या घराच्या बाहेरच्या आणि आतल्या भिंती, दारं-खिडक्या वजा जाता, साडेबाराशे फुटांच्या आत येतात. त्यांना साधारण १,६४०. जोत्यात चिरा आडवा, म्हणजे चौदा इंच जाड घातला तर दोन फूट उंचीला सुमारे ५९०. वर छपराखालच्या त्रिकोणी भिंतींना दीडशे. सात टक्के मोड धरली की अडीच हजारांवर येतो. उताराचे जास्तीचे तीनशे त्यात धरलेले नाहीत. कुणी या घराला चार हजार चिरे सांगत असेल तर वरचे कुठे जाणार हे विचारावं.

चिरा घेताना खाणीवर जावं. पिवळट-पांढऱ्या मऊ गाठी असलेला, नखानं खरवडला तर पीठ पडणारा चिरा स्वस्त मिळतो, पण पावसाच्या माऱ्यात तोच आधी झिजतो. खाणीतून नुकताच निघालेला चिरा थोडा मऊ असतो, हवा लागून कडक होतो, तेव्हा तो महिनाभर आधी आणून ठेवलेला बरा. बांधताना भिजवलेला हवा, नाहीतर मालातलं पाणी शोषून घेतो आणि सांधा पिठासारखा सुटतो. बाहेरून गिलावा न करता दर्जा, म्हणजे सांधे, भरून ठेवली तर भिंत दिसतेही छान आणि गिलाव्याचा खर्चही वाचतो, फक्त छपराची झाप, म्हणजे भिंतीबाहेर आलेली कड, मोठी हवी. नैर्ऋत्येच्या भिंतीवर झड येते. तिथं एक फूट झाप वाढवणं हे नंतरच्या सगळ्या रासायनिक रंगांपेक्षा स्वस्त.

जोत्यावर काँक्रीटची पट्टी घालायला काचकूच करू नये. नऊ इंच रुंद, सहा इंच जाड, चार सळ्या दहा मिलीच्या: १४५ फुटांना काँक्रीट दीड घनमीटर आणि लांब सळ्यांचं लोखंड ११० किलोच्या आसपास. तशीच दुसरी पट्टी दारं-खिडक्यांच्या डोक्यावर. खालच्या पट्टीत वॉटरप्रूफिंग घातलं की ती ओल वर चढू देत नाही, नाहीतर चिरा जमिनीतलं पाणी ओढतो आणि भिंतीचा खालचा भाग लोणा धरतो. शिवाय चिपळूण-संगमेश्वरच्या पट्ट्यात कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा धक्का विसरून चालत नाही. या दोन पट्ट्या भिंतींना चारही बाजूंनी बांधून ठेवतात.

मात्र बैठ्या चिऱ्याच्या घराला कॉलम-बीमचा सांगाडा कशाला? कारण दरवेळी एकच दिलं जातं: उद्या वर मजला चढवायचा झाला तर. बारा कॉलम, त्यांचे खड्डे, जाळ्या, बीम यांत टनभर लोखंड सहज जातं. गावोगावच्या गच्च्यांवर त्या न चढलेल्या मजल्यांच्या सळ्या गंजत उभ्या आहेत. मुलं खरंच परत येऊन वर राहणार असतील तर कॉलम घाला. नुसत्या ‘असू दे’साठी नको. लोखंड घेताना वजन तपासायची एक युक्ती उपयोगी पडते: सळईच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करायचा, त्याला १६२ नं भागायचं, मीटरमागे किलो मिळतात. दहा मिलीची बारा मीटरची सळई ७.४ किलो, बारा मिलीची १०.६ ते १०.७. नग मोजून पैसे देताना हलकी सळई आली तर हे गणित लगेच सांगतं.

छपराबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण कोकणात सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. सपाट स्लॅब ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली आहे. ६०० फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे सात घनमीटर काँक्रीट. एकास दीडास तीन या प्रमाणात सिमेंट ५७ पिशव्या, वाळू एक ब्रासहून थोडी जास्त, खडी सव्वादोन ब्रास, लोखंड साडेपाचशे-पावणेसहाशे किलो. पिशवी ३७० आणि लोखंड ६० रुपये किलो धरून, सेंटरिंग आणि मजुरी मिळून, सव्वा लाखाच्या आत-बाहेर. आता त्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. गच्चीचा उतार नीट नसला, नळीच्या तोंडाशी पानं अडकली, की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी छताला ओल येते. मग वॉटरप्रूफिंग, मग पुन्हा वॉटरप्रूफिंग, आणि शेवटी सगळे जिथं पोचतात तिथं पोचायचं: स्लॅबच्या वर लोखंडी पाइपांची शेड आणि पत्रा. कडेच्या झापेसकट उतरत्या छपराचं क्षेत्रफळ तीस अंशांच्या उताराला हजार फूट होतं. फुटाला २०० रुपये धरले तर दोन लाख. म्हणजे एका घराला दोन छपरं, आणि पाऊस अडवणारं त्यातलं दुसरंच. पहिल्यापासून उतरतं छप्पर केलं असतं तर सव्वा लाख हातात राहिले असते. स्लॅब हवाच असेल तर फक्त न्हाणी-संडासावर घालावा, टाकी तिथं बसते.

उतरत्या छपरात लाकूड की लोखंड हा प्रश्न आता बहुतेकांपुरता सुटला आहे. किंजळ, आईन, फणस ही कोकणातल्या वाशांची जुनी लाकडं, पण ती १९६४ च्या झाडे तोडण्याच्या कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या बागेतला फणस पाडायलाही परवानगी लागते, मग करवत, मग वाळायला वेळ. पाडलेल्या जुन्या घराचे वासे मिळाले तर ते घ्यावेत, तेही ठोकून, आतून पोकळ नाहीत हे बघून. नाहीतर लोखंडी पाइप. वर मंगलोरी कौल घालायचं तर चौरस मीटरला पंधरा, म्हणजे आपल्याला १,४०० कौलं आणि फुटीसाठी शंभरेक जादा. कौलाखाली घर थंड राहतं. त्याचा शत्रू वानरं. टोळीनं आली की एका दुपारी पन्नास कौलं हलवतात, आणि लोक पत्र्याकडे वळले ते बरेचसे वानरांमुळे. काही जण पाइपांवर आधी पत्रा आणि त्यावर कौल घालतात. महाग आहे, पण कौल फुटलं तरी घर गळत नाही.

पत्राच घालायचा तर वाऱ्याचा हिशेब पत्र्यापेक्षा मोठा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं आत आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यानं गेलं. अशा वाऱ्यात पत्रा फाटून जातो त्यापेक्षा स्क्रूमधून सुटून जातो, किंवा पाइपांचा अख्खा सांगाडाच भिंतीवरून उचलला जातो, कारण तो भिंतीवर नुसता टेकवलेला असतो. वरच्या काँक्रीटच्या पट्टीत बोल्ट आधीच पुरून त्यांना सांगाडा बांधायचा. कडेच्या ओळीत स्क्रू दाट मारायचे. हा सगळा मिळून काही हजारांचा मामला आहे आणि तो अंदाजपत्रकात कधीच नसतो.

यानंतर वेळापत्रक, कारण कोकणात तेही पैशांचंच प्रकरण. काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि मृगाच्या आत छप्पर चढावं लागतं. मध्ये जेमतेम सात महिने. एक गवंडी आणि दोन मदतनीस दिवसाला ऐंशी ते शंभर चिरे लावतात, म्हणजे घराच्या चिऱ्यांना एक जोडी महिनाभर. कागदावर सगळं आरामात बसतं. पण पाया जानेवारीत खणला तर भिंती शिमग्यात येतात, आणि शिमग्यात पालखी सोडून स्थानिक गवंडी तुमच्या भिंतीवर येणार नाही, येऊही नये. तिथून काम एप्रिल-मे मध्ये सरकतं, तेव्हा विहिरीनं तळ गाठलेला असतो आणि काँक्रीटला पाणी मारायला टँकर लागतो. टँकर महाग म्हणून चौदा दिवसांचं पाणी पाच दिवसांवर येतं. काँक्रीट तेव्हा काही बोलत नाही, पाच-सात वर्षांनी खपली पडून सळई दिसते. छप्पर न होता पाऊस आलाच तर उघड्या भिंती चार महिने भिजतात, सिमेंटच्या उरलेल्या पिशव्या गोठतात, मजूर पांगतात आणि पुढच्या दिवाळीला रेट नवा असतो. म्हणून जोतं नाताळच्या आत पूर्ण होणार नसेल, तर त्या वर्षी फक्त रस्ता, भराव आणि बोअर करून थांबलेलं चांगलं. भरावाला एक पावसाळा मिळाला तर तो फुकटात बसतोही.

वाळूबद्दल एकच: खाडीची वाळू स्वस्त मिळाली म्हणून स्लॅबमध्ये किंवा पट्टीत घालू नये. तिच्यातलं मीठ लोखंड खातं. नदीची मिळत नसेल तर धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू.

पाण्यासाठी बोअर मारताना गाडीवाला फुटाचा रेट सांगतो तो खोदाईचा. खरा खर्च केसिंगमध्ये, म्हणजे बोअर ढासळू नये म्हणून आत बसवायच्या पाइपात असतो. वर चिरा, त्याखाली मऊ रंगीत माती, मग काळा दगड. केसिंगचा पाइप त्या काळ्या दगडात नीट बसवावा लागतो. वरच्या मातीत थांबवला तर बोअर ढासळतो, गढूळ पाणी येतं आणि पंप गाळात अडकतो. २५० फूट खोदाईला फुटाला ११० धरून २७,५०० आणि ६० फूट केसिंगला ४५० धरून २७,०००: पाव लांबीचं केसिंग अख्ख्या खोदाईएवढं. पंप, पाइप, केबल धरून ९५ हजार. विजेचा खांब जवळ नसेल तर तारेसाठी मध्ये खांब लागतात, त्यांचा खर्च ग्राहकाच्या वाट्याला येऊ शकतो, ६० हजार बाजूला ठेवावेत. विजेचा अर्ज घराच्या आधी करावा, कारण मिक्सर आणि पंप बांधकामालाच लागतात.

पाच माणसांच्या घराला सेप्टिक टाकी आतून पाच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि पाण्याची खोली सव्वातीन फूट पुरते, वर फूटभर मोकळी जागा. तिला ढिसाळ बांधून मोठी करण्यापेक्षा लहान आणि घट्ट करावी. चूक होते ती शोषखड्ड्याची: जागेच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात खणला तर श्रावणात तो जमिनीच्या पाण्यानंच भरतो आणि संडास उलटा येतो. विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब हवाच. चिऱ्याच्या जमिनीत भेगांतून पाणी फार लवकर लांब जातं, तिथं अंतर जितकं जास्त तितकं बरं. टाकी आणि खड्डा मिळून ५५ हजार.

आणि गडगा, म्हणजे दगडी कुंपण. आठ गुंठे म्हणजे ८,७१२ चौरस फूट. जागा चौकोनी धरली तर घेर ३७३ फूट. चार फूट उंच गडग्याला जवळपास दोन हजार चिरे लागतात. घराला अडीच हजार, कुंपणाला दोन हजार! चिरा ४५ रुपयांना धरून मजुरीसकट एक लाख चाळीस हजार. गुरं आणि रानडुकरं यांचा त्रास नसेल तर पहिल्या वर्षी फक्त रस्त्याकडची बाजू बांधावी, बाकी निवडुंग किंवा तारेवर भागवावं.

रस्ता ८०, भराव, जेसीबी आणि जास्तीचे चिरे ७०-७५, पाणी ९५, वीज ६०, टाकी ५५ हजार आणि गडगा एक लाख चाळीस. पाच लाखांची बेरीज झाली, घराची एकही वीट न वाढवता. पावणेअकराचे सोळा झाले. याच्या शेजारी प्रधानमंत्री आवास योजनेचा आकडा ठेवून बघावा: २५ चौरस मीटर घराला सपाट भागात १ लाख २० हजार. फुटाला साडेचारशेही पडत नाहीत. ते घर उभं राहतं ते घरच्यांच्या अंगमेहनतीवर आणि उसनवारीवर. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा घरं स्वस्त होतील अशी चर्चा झाली. आपल्या घराला सव्वादोनशे पिशव्या लागल्या तर सहा-साडेसहा हजार वाचतात. तेवढ्यात गडग्याची एक बाजूही होत नाही.

ठेका देताना हप्ते कामाला बांधावेत: जोतं, लिंटल, छप्पर, फरशी. तारखेला बांधू नयेत. शेवटचे दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायला ठेकेदार सहसा तयार होत नाही. पण पाच टक्के तरी ऑक्टोबरपर्यंत ठेवावेत, गळती, खचलेली फरशी आणि तुंबलेला शोषखड्डा तोवर कळलेला असतो. स्वतःच्या राहत्या घराचं बांधकाम पन्नास लाखांच्या आत असेल तर बांधकाम कामगार उपकर लागत नाही. घर झालं की ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला (घरपट्टीच्या नोंदवहीत) नोंद करून घ्यायची आणि बांधकामासाठी घेतलेलं तात्पुरतं मीटर घरगुती करून घ्यायचं. हे दुसरं काम लोक वर्षभर विसरतात आणि चढ्या दरानं बिल भरत राहतात.